दुसरं कारण सांगायचं राहिलं

अहो, मंडळी गेली सगळी. नांदेडची माझी भावंडं परवाच गेली, गौरी आज सकाळच्या गाडीनं गेली, आणि जोशी वहिनींनी आणून दिलेले डबे मी घासून परत करून आले. आता घरात मी आणि वरच्या मजल्यावरची पोरं. पोरं चपला हातात घेऊन जिना उतरून राहिलीत, काकूंना त्रास नको म्हणून. मला उलट रागच येतो. इतकी शांतता या घराला सोसत नाही. गल्लीत नवं बिऱ्हाड आलं की जोशी वहिनी त्यांना आधीच सांगून ठेवायच्या, आवाज आला तर घाबरू नका, बिराजदार सर आणि बाई चर्चा करून राहिलेत.

या दिवसांत येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलून गेला. "सुटले बिचारे." ह्याच लोकांनी ह्याच ओसरीवर बसून मागं मला सांगितलं होतं, "वाचले, नशीब तुमचं." दोन्ही वेळेला मी चहा दिला. तेव्हा काय वाचलं होतं आणि आता कशातून सुटले, हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं तर तुम्हालाच विचारायचंय, आणि तुमच्याशी बोलायचं म्हणजे भांडायचं. दुसरं काही आपल्याला येतच नव्हतं.

ते आपलं शेवटचं भांडण. रविवार होता, दुपारची जेवणं झाली होती, गौरी तिच्या पोरीला, चिनूला घेऊन माहेरपणाला आली होती. विषय नेहमीचाच, वरचा मजला. आपल्या गल्लीत तेव्हा घर म्हणून एक उरलं नव्हतं, सगळी होस्टेलं झाली होती. देगलूर, भोकर, हिमायतनगर, कुठकुठली पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला लातूरला येऊन राहत होती. जोशी भाऊजी बँकेतून रिटायर झाले आणि घरावर तीन मजले चढवून बसले. तुम्ही त्याच पोरांना क्लासमध्ये गणित शिकवायचे, हुशार म्हणून गावभर नाव, आणि आपलं घर गल्लीत सगळ्यात बुटकं. झोपायच्या खोलीवर तर नुसते पत्रे. वैशाखात त्या खोलीत भाकरी न भाजता खाता आली असती.

"एक मजला चढवा," मी म्हणाले. "म्हातारपणी पोरांची सोबत होईल. आणि ते पत्रे काढा, मी उकडून मरून जाईन एक दिवस."

"डोक्यावर स्लॅब न्हाई म्हणजे न्हाई," तुम्ही म्हणालात. मग फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं बोट वर केलं. "सुमन, मजला न चढवायची दोन कारणं हायत. पहिलं तुला ठाऊक हाय. दुसरं चहाच्या वेळी सांगतो. आता डोळा लागू दे."

"आत्ताच सांगा. तुमचं दुसरं कारण म्हणजे पहिलंच असतं, फिरवून सांगितलेलं."

तुम्ही हसलात, भिंतीकडं तोंड केलंत. मी तणतणत सैपाकघरात गेले.

पहिलं कारण अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. भूकंप झाला त्या पहाटे तुम्ही किल्लारीकडं तुमच्या गावी होता. मी लहानग्या गौरीला घेऊन नांदेडला माहेरी होते, तिथं नुसती भांडी वाजली. गावात गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. जमीन हलली तशी तुम्ही आईंना हाताला धरून बाहेर काढलं, वाटेवर बसवलं आणि शेजारच्यांना उठवायला धावलात. आई बसून होत्या. मग त्यांना गाईचं दावं सोडायचं आठवलं. त्या परत आत गेल्या आणि माळवद खाली आलं. दगडमातीचं जाड छत, तुमच्याच आजोबांनी घातलेलं. तुम्ही हातानं उकरून काढलं त्यांना. हे तुम्ही मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना सारखे स्वतःच्या नखांकडं बघत होता.

तेव्हापासून आपल्या घरात दोन कायदे. झोपताना उशाशी पेला पालथा घालायचा आणि त्यावर तांब्या ठेवायचा. जमीन जरा हलली की तांब्या पडणार, आणि तांब्या पडला की असेल तसं बाहेर पळायचं. सुरुवातीला सगळं लातूरच हे करत होतं, नंतर लोकांनी सोडलं, तुम्ही सोडलं नाही. दुपारी घटकाभर आडवं व्हायचं तरी तांब्या हवाच. आणि दुसरा कायदा, बाहेर पडलेल्यानं परत आत यायचं नाही. तुम्ही सगळ्या भिंती बघणार, आणि मग आतून आवाज देणार, तोवर कुणी उंबरा ओलांडायचा नाही.

मी तुम्हाला भूकंपाचे हेडमास्तर म्हणायचे. किती वेळा मांजरीनं तांब्या पाडला असेल. आम्ही मायलेकी रस्त्यावर, गौरी झोपेत रडणारी, मी तुमच्या नावानं बोटं मोडणारी, आणि तुम्ही आत शांतपणे भिंतीला हात लावून बघणारे. मग क्लासमधला तो तुमचा खणखणीत आवाज. "या आत." तो आवाज आला की मी आत यायचे आणि तुम्हाला चार शब्द सुनवायचे. तुम्ही ऐकून घ्यायचे, आणि पाचवा शब्द तुमचा असायचा.

त्या रविवारी तांब्या पडला.

मी हातातलं भांडं टाकलं आणि पळाले. गौरी चिनूला उचलून पळाली. आम्हाला अनवाणी रस्त्यावर बघून जोशी वहिनी ओरडल्या, त्यांच्या तिन्ही मजल्यांवरची पोरं पुस्तकांसकट खाली आली, समोरची आली, कोपऱ्यावरच्या मेसमधली आचारीण पिठाच्या हातानं आली. भर उन्हात गल्ली भरून गेली. कुणीतरी म्हणालं, मलापण जाणवला धक्का. लगेच दुसरा म्हणाला, पंखा हलला की हो आमचा. आणि मी दाराकडं बघत उभी, तुमचा आवाज कधी येतो याची वाट बघत. तुम्ही भिंती तपासत असणार असं मला वाटत होतं.

"आई, अप्पांचा आवाज येईना," गौरी म्हणाली.

"थांब. अप्पांनी सांगितल्याबिगर आत जायचं न्हाई."

तिनं चिनूला माझ्या हातात दिलं आणि ती आत गेली. कायदा मोडायला तुमचीच पोरगी लागली. मग ती किंचाळली. तुम्ही बाजेवरून अर्धे खाली आला होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, डावा हात लोळागोळा. तांब्या तुमच्या हातानंच पडला होता. पाणी प्यायला उठला होता की मला बोलवायला, कोण जाणे. अशी चूक जगात दुसरीकडं कुठं झाली नसती. नवरा आत पडलाय, आणि बायको त्याचंच ऐकून रस्त्यावर उभी आहे.

जोशी भाऊजींच्या गाडीतून नेलं. दवाखान्यातला डॉक्टर कोवळा पोरगा, मला बघून म्हणाला, काकू, मी सरांचा विद्यार्थी. त्यानं डोक्याचा फोटो काढला. रक्त सांडलेलं नाही म्हणाला, नळीत गुठळी अडकलीय. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, ते ठराविक तासांच्या आत दिलं तरच उपयोग, आणि काकू, तुम्ही वेळेत आणलंत. कधीकधी त्यानं रक्तस्राव होतो, तो धोका आहे. द्यायचं का?

मी म्हणाले, द्या. विचार असा काही केलाच नाही. आज कुणी पुन्हा विचारलं तर काय म्हणेन, खरंच सांगता येत नाही. बहुतेक द्याच म्हणेन. तुम्ही डोळ्यांदेखत चालला होता, आणि मला चहाच्या वेळी दुसरं कारण ऐकायचं होतं.

संध्याकाळपर्यंत तुमचा डावा पाय हलला. तोंड जागेवर आलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलंत, गौरीचं घेतलंत, डॉक्टरनं विचारलेला सतराचा पाढा उलटा म्हणून दाखवलात. तो पोरगा इतका हरखला की त्यानं बाकीच्या डॉक्टरांना बोलावून तुम्हाला दाखवलं. तुम्ही दवाखान्यातून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आलात. जोशी वहिनींनी गल्लीत पेढे वाटले. मी त्या पोराला दोष देत नाही, त्याचं भलं होवो. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं.

घरी आल्यावर पहिल्याच जेवणाला तुम्ही अर्धी भाकरी ताटात ठेवून म्हणालात, "आणखी वाढ की."

"हाय की ताटात."

"कुठं?"

मी म्हटलं थट्टा करून राहिलेत. मग बघितलं तर ताटाची उजवी बाजू लख्ख, आणि डावीकडची भाजी, भाकरी, चटणी सगळं जसंच्या तसं. मी ताट फिरवलं. तुम्ही म्हणालात, "आता वाढलीस व्हय," आणि निमूट जेवलात. मी सैपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबला.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. डोळे चांगले आहेत, पण डावी बाजू म्हणून काही असतं हेच मेंदूला पटत नाही. तुम्ही अर्धीच दाढी करायचे. डावी चप्पल विसरून एका चपलेनं दारापर्यंत जायचे. चिनू डावीकडं उभी राहून अप्पा अप्पा करायची, तुम्ही ढिम्म, पोरगी रडवेली व्हायची. तीस वर्षं मी तुमच्या डावीकडं झोपले. दवाखान्यातून आलात त्या रात्री तुम्ही गौरीला विचारलंत, तुझी आई कुठं गेली. मी शेजारीच होते हो. उठून उजवीकडं गेले, आणि शेवटपर्यंत उजवीकडंच झोपले.

तरी तुम्ही क्लासला गेलात. जायचंच म्हणालात, आणि तुमच्यात जीव आलाय असं वाटून मी इस्त्रीचा शर्ट काढून दिला. क्लास चालवणारा तुमचाच जुना विद्यार्थी, चौकातल्या फ्लेक्सवर पहिल्या आलेल्या पोरांच्या रांगेत त्यानं तुमचाही फोटो लावलेला. तासाभरात त्याचा फोन आला, बाई, या जरा. मी वर्गाच्या मागच्या दारात उभी राहिले. अर्धा फळा कोरा होता. उजव्या अर्ध्यात तुमचं ते मोत्यासारखं अक्षर, अंकावर अंक चढलेले, ओळी कडेला जाऊन एकमेकींत घुसलेल्या. पोरं हसत नव्हती. हसली असती तर बरं झालं असतं. तुम्ही विचारत होता, "आलं का ध्यानात?" आणि सगळी पोरं एका आवाजात म्हणाली, "हो सर."

फ्लेक्सवर तुमचा फोटो मात्र त्यानं पुढंही ठेवला. बाजारातून येताना मी त्या चौकातून यायचं सोडून दिलं.

दर खेपेला तो डॉक्टर विचारायचा, स्वतः जेवतात? चालतात? कपडे घालतात? ओळखतात सगळ्यांना? मी हो म्हणायचे, खोटं काय बोलायचं. "मग काकू, यापेक्षा चांगला निकाल आम्ही क्वचित बघतो," तो म्हणायचा. निकालाचंच गाव हे. भांडतात का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तिथंच भोकाड पसरलं असतं.

कारण खरं गेलं ते हे गेलं. डावी बाजू मी सांभाळली असती. ताट फिरवायला काय लागतं? पण तुम्ही कशालाच न्हाई म्हणेनासे झालात. आमटीत मीठ विसरले, तुम्ही खाल्लीत. मुद्दाम दोनदा विसरले, दोनदा खाल्लीत. नांदेडला भावाकडं जाऊ का महिनाभर? "हाव." तुमची पुस्तकं रद्दीत घालू? "हाव." जाहिरातीतलं लेकरू पडलं की तुमच्या डोळ्यांना धारा लागायच्या, आणि गौरीचं दुसरं बाळ पोटातच गेलं तेव्हा तुम्ही "बरं" म्हणून कूस बदललीत. अंघोळ केली तरी दमून दोन तास झोपायचे. आणि तांब्या ठेवायचं तुम्ही कधी सोडलंत ते मला कळलंच नाही. एक दिवस बघितलं तर पेला मांडणीवर होता, आणि तुम्ही घोरत होता.

सुरुवातीला एकदा विचारलं होतं मी, दुसरं कारण कोणतं म्हणून. तुम्ही आठवून बघितलंत. मग म्हणालात, "होतं का दुसरं?"

लोक मला सांगायचे, बाई, नशीबवान हायस, नवरा चालताबोलता हाय. कुणापुढं रडायची सोय नव्हती. ज्याचं जळतं त्याला कळतं, पण माझं काय जळतंय हे मलाच धड सांगता येत नव्हतं. नवरा जिवंत असलेल्या बाईनं कसं म्हणायचं, की मला माझ्या माणसाची आठवण येते?

एक गोष्ट मात्र त्या वर्षांनी दिली, ती नाही कशी म्हणू. तुमची लिंगपूजा. आपल्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि तुमच्या लेखी डावा हात उरलाच नव्हता. पहिल्या दिवशी लिंग निसटून पाटावर पडलं. तुम्ही सैरभैर झालात. मग रोज सकाळी मी तुमच्याजवळ बसायचे, तुमचा डावा हात उचलून समोर आणायचे आणि खालून माझा तळहात लावायचे. तुम्ही उजव्या हातानं विभूती लावायचे, बेल वाहायचे. लग्न झाल्यापासून चारचौघांत आपण कधी हातात हात घेतला नाही, आणि आता रोज सकाळी ओसरीवर, सगळ्या गल्लीदेखत. एकदा तुम्ही त्या दोन हातांकडं बघत राहिलात आणि विचारलंत, "ह्यातला माझा कुठला?"

"वरचा."

"खालचा बरा हाय," तुम्ही म्हणालात. त्या दिवशी मी दिवसभर गुणगुणत होते. त्या सकाळींसाठी मी तुमची ऋणी आहे.

मग मी गवंडी बोलावला. सांगून टाकते, पोरांच्या सोबतीसाठी नाही बोलावला. मला वाटलं, पत्रे उतरताना बघतील, सळया बघतील, आणि कुठूनतरी तो जुना माणूस उठेल. अंगणात खुर्ची टाकून तुम्हाला मुद्दाम समोर बसवलं. पत्रे उतरले, सेंट्रिंग लागलं. "अहो, स्लॅब टाकून राहिले," मी तुमच्या उजव्या कानाशी ओरडले. "डोक्यावर स्लॅब. ऐकलं का?" खडी कालवायचं मशीन सुरू झालं तेव्हा जमीन थरथरत होती, ओट्यावरचे पेले वाजत होते. माझेच पाय रस्त्याकडं वळले. तुम्ही हलला नाहीत. म्हणालात, "छान काम हाय." गवंडी खूश झाला. मी आत जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. तेवढं रडू मला तुम्ही गेल्यावरसुद्धा आलं नाही.

वर पोरं राहायला आली. एका दुपारी मी तुमच्या उजवीकडं बसून शेंगा सोलत होते. तुम्ही एकाएकी म्हणालात, "सुमन, तू माझ्याशी भांडत का न्हाईस आता?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. आवाज तुमचा होता. तुमचा, पहिला.

"मी? तुम्हीच भांडत न्हाई."

"मला वाटलं तू दमलीस," तुम्ही म्हणालात. "म्हणून मी उगी राहिलो."

मी तोंड उघडेपर्यंत तुम्ही खिडकीकडं बघायला लागला होता. मी विचारलं, काय म्हणालात, परत म्हणा. तुम्ही म्हणालात, "हाव." मी तुमचे खांदे धरून गदागदा हलवले, आणि तुम्ही घाबरून रडायला लागलात. मग मीच तुम्हाला थोपटत बसले.

म्हणजे आत तुम्ही होता का हो? एवढी वर्षं आत बसून माझी वाट बघत होता, आणि मी बाहेर उभी राहून तुमची? का तेही त्या आजाराचंच एक बोलणं होतं, जाहिरातीवर रडण्यासारखं? हे मला आता कोण सांगणार. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, काकू, एवढा विचार करू नका. त्यानंतर मी रोज तुमच्याशी भांडून बघितलं. पेपरवरून भांडले, नांदेडच्या पाण्याला चव आहे आणि लातूरला पाणीच नाही यावरून भांडले. दोन्ही बाजूंनी मीच बोलायचे. तुम्ही ऐकायचे आणि मान हलवायचे.

गेलात तेही दुपारचेच, त्याच खोलीत, स्लॅबखाली. मी सैपाकघरात होते. तांब्या ठेवलेला नव्हता, त्यामुळं काही वाजलं नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही थंड होत होता. दुसऱ्यांदा गुठळी झाली असणार, डॉक्टर म्हणाला. या वेळी वेळेत यायचा प्रश्नच नव्हता. मी तो चहा बाजूला ठेवला आणि तुमच्या उजवीकडं बसले. मग एकदम ध्यानात आलं, की आता उजवीकडं बसायची गरज नाही. उठून डावीकडं गेले.

आपल्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून नेलं, बसवूनच मातीत ठेवलं. आपल्या गुरूंनी, जंगमांनी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. सवयीनं माझा हात पुढं झाला, खालून आधार द्यायला. गौरीनं मला मागं ओढलं. हात तुमच्या मांडीवर व्यवस्थित टेकला होता, लिंग पडलं नाही. मग माती लोटायला लागले. सगळा जन्म तुम्ही जमिनीला भ्यालात, छताला भ्यालात, आणि तुमच्या डोक्यावर माती पडत होती, आणि तुम्ही तेव्हाही काही बोलला नाहीत. आई आत गेल्या तेव्हा तुम्ही उकरलं होतं. मला कुणी उकरू दिलं नसतं. मी मुठीत घेतलेली माती घरापर्यंत तशीच आणली.

आज गौरीला गाडीत बसवून आले, जेवले नाही, आणि त्या खोलीत जाऊन तुमची बाज झटकली. मांडणीवरचा पेला घेतला, पालथा घातला, वर तांब्या ठेवला. भूकंपासाठी नाही. तुमच्या वस्तू जागच्या जागी असाव्यात म्हणून. आणि तुमच्या जागेवर आडवी झाले. डोळा लागला असेल. वर पोरांनी खाट ओढली असणार, छत धडधडलं आणि तांब्या पडला.

मी उठून पळाले. चप्पल नाही, पदर नाही, थेट रस्त्याच्या मधोमध. भर उन्हात उभी राहिले आणि दाराकडं तोंड करून थांबले. वरून पोरं धावत आली. "काकू, काय झालं?" जोशी वहिनी फाटकात आल्या, माझ्याकडं बघितलं, उघड्या दाराकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. त्या तोंडाला पदर लावून आपल्या घरात गेल्या. पोरं मला हाताला धरून ओसरीपर्यंत घेऊन आली. उंबऱ्यापाशी माझा पाय अडला, आणि मी त्यांना म्हणाले, जा बाबांनो, अभ्यास करा, मी बसते इथंच.

इथंच ओसरीवर बसून लिहून राहिले. दार उघडं आहे, भिंती सगळ्या उभ्या आहेत, मी इथून बघू शकते. दुसरं कारण नका सांगू आता, राहू द्या. तुम्ही जिंकलात, मजला चढवायला नको होता. नुसतं एकदा आतून म्हणा, या आत. मी बाहेर थांबलेय हो. तुम्ही म्हणाल्याशिवाय मला आत जाता येत नाही.